मुली बोलावणारी राजव्वा

राजव्वा कुणाच्याही दारात उभी राहून मुलीचं नाव घेत नसे. रस्त्यातूनच ती ओरडायची, "सात नवे?" आतून "त्रेसष्ट!" असं उत्तर आलं, म्हणजे त्या मुलीची वेणीफणी झाली आहे आणि ती निघायच्या तयारीत आहे. उत्तर आलं नाही, तर स्वारी अजून पांघरुणात तरी आहे किंवा रुसून बसली आहे. मग राजव्वा आत शिरायची आणि ज्या घरची जी भाषा त्या भाषेत समजूत काढायची. तेलुगू घरात "रा अम्मा", कानडी घरात "बारव्वा", मुसलमानाच्या घरात "आजा बेटी" आणि आमच्यासारख्यांच्या घरात "चल की गं बाय, बाई वाट बघत्यात." गिरणीचा दुसरा भोंगा होईपर्यंत तिच्यामागे पंचवीस-तीस मुलींची रांग लागलेली असे.

ही गोष्ट एकोणीसशे पंचवीसच्या आसपासची. सोलापुरात तेव्हा मुली आपण होऊन शाळेत येत नसत, म्हणून त्यांना घरोघरून गोळा करून आणायला आणि संध्याकाळी पुन्हा पोचवायला शाळेत एक बाई ठेवलेली असे. तिला 'मुली बोलावणारी' म्हणत. राजव्वा आमच्या शाळेची मुली बोलावणारी. विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, नवरा तापात गेलेला, मूलबाळ नाही, दिराच्या घरी राहून सकाळ-संध्याकाळ मागासाठी सुताच्या कांड्या भरून देणारी. तिला चार भाषा येत, म्हणून शाळेच्या कमिटीने तिला ठेवली. नोकरीवर घेताना कारकुनाने वय विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला काय ठावं?" कारकुनाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि अंदाजाने एक आकडा रजिस्टरात ठोकून दिला. त्या आकड्याने पुढे तिचा घात केला, पण त्याआधी मी केला.

मी पुण्याहून ट्रेनिंग घेऊन या शाळेत रुजू झाले, तेव्हा एकवीस वर्षांची होते. अंगात भारी ऐट होती. दहा-बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या राजव्वाला मी खुशाल "अगं राजव्वा" म्हणत असे. ती मुलींना पाढे विचारते याचं मला आधी कौतुक वाटलं, मग थोडा रागही आला. परीक्षा घ्यायचं काम आमचं; हिला कुणी सांगितलं? एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ती हसली. "परीक्षा कुटली बाई? मलाच पाठ करायचा हाय. पोरगी सांगती, मी चालता चालता घोकती."

अक्षरं ती तशीच शिकली होती, रस्त्याने चालताना मुलींच्या पाट्या बघून बघून. मुली वर्गात गेल्या की पाणी भरून, झाडून ती माझ्या वर्गाच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. हातात वाती नाहीतर निवडायचे तांदूळ असत, कान वर्गात. तास संपवून मी पुस्तक मिटलं की उंबऱ्यावरून आवाज यायचा, "संपलं? अजून असंल की." मुली खिदळायच्या. मला मात्र दरवेळी जरा ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण बहुतेक वेळा अजून असायचंच. मीच घरी जायच्या घाईत ते गुंडाळलेलं असायचं.

पुढच्या वर्षी विणकरांच्या वस्तीत शाळेचा नवा बालवर्ग निघणार असं ठरलं. तिथल्या लहान मुलींना मराठीचं अक्षर कळत नसे, तेव्हा तेलुगू येणारी बाई मिळाली तर बरं, असं कमिटीचं म्हणणं होतं. शिक्षणाची अट एवढीच की तिने व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची सरकारी परीक्षा, पास केलेली असावी. राजव्वाने हे ऐकलं आणि त्याच दुपारी ती आमच्या मोठ्या बाईंपुढे, म्हणजे मुख्याध्यापिकांपुढे, जाऊन उभी राहिली. "बाई, मला फायनलला बसवा. मला मास्तरीण व्हायचंय." मोठ्या बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी सांगितलं, शाळेची चाचणी पास झालीस तर फॉर्मवर सही करते. गणिताची चाचणी माझ्याकडे आली.

मी दहा उदाहरणं काढली. उत्तरांचा कागद वर्गाच्या कपाटात ठेवला. शाळा उघडायची ती राजव्वा, आणि कपाटाची किल्लीही तिच्याच कमरेला असायची. तिचा पेपर हातात आला आणि मी चपापले. दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती. पण कागदावर उत्तरांखेरीज काही नव्हतं. 'बारा गवंडी एक भिंत दहा दिवसांत बांधतात, तर आठ गवंडी किती दिवसांत बांधतील?' याच्यापुढे नुसतं 'पंधरा'. ना मांडणी, ना गुणाकार, ना भागाकार. कपाट आणि किल्ली आठवायला मला क्षणाचाही वेळ लागला नाही. मी लाल शाईने शून्य दिलं आणि पेपर घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी राजव्वाला बोलावलं.

"उत्तरं कुठून आणलीस?" मीच विचारलं.

"डोक्यातनं, बाई."

"मग रीत कुठंय?"

"रीत म्हंजी?"

माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटलं. दाराशी दोन मुली उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. मोठ्या बाईंनी हात पुढे केला, राजव्वाने कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. तिचा फॉर्म त्या वर्षी गेला नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला आणि ती नेहमीसारखी मुली घेऊन आली. फक्त त्या दिवसापासून ती उंबऱ्यावर बसेना. बाहेर अंगणात, लिंबाखाली बसू लागली.

महिन्याभराने माझ्या वर्गातली एक मुलगी आजारी पडली, म्हणून तिला बघायला मी विणकरांच्या वस्तीत गेले. गल्लीभर सुताचा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, पसरलेला, माणसं त्याला खळ लावत होती. कडेकडेने जपून चालताना मला राजव्वा दिसली. एका म्हाताऱ्या विणकराने तिला तेलुगूत काही विचारलं, तिने हातातलं सूत न सोडता एक आकडा सांगितला आणि म्हातारा मान हलवून कामाला लागला. मी शेजारच्या बाईला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "साडीचा पन्हा वाढवायचा हाय, धागं किती लागतील ते इचारलं. आमच्यात समदी हिलाच इचारत्यात."

मी तिथेच, ताण्याच्या कडेला उभी राहून म्हटलं, "राजव्वा, अठरा माणसं एक विहीर वीस दिवसांत खणतात. पंधरा माणसं किती दिवसांत खणतील?"

"चोवीस," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"कसं काढलंस?"

"अठरा माणसाचं ईस दिस, म्हंजी एका माणसाचं तीनशे साट दिस. ते पंधराजणांत वाटलं की."

"अगं, हीच रीत! ही का नाही लिहिलीस?"

आता तिने माझ्याकडे बघितलं. "ही लिवायची असती व्हय? आमच्यात ताण्याचा हिशेब मनातच करत्यात. कागदावर कोण मांडतंय? मला वाटलं साळंतबी तसंच." मग म्हणाली, "तुमी फळ्यावर काय लिवता ते मला उंबऱ्यावरनं दिसत नव्हतं, बाई. दार फळ्याच्याच भिताडाला हाय. मी नुसतं ऐकत हुते."

त्या गल्लीतून मी कशी परत आले ते मला आठवत नाही. फायनलच्या फॉर्मची मुदत टळून गेली होती. मी मोठ्या बाईंकडे जाऊन सरळ सांगायला हवं होतं, की चूक माझी झाली. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, घरी आई माझ्या पगारावर होती, आणि एका निर्दोष बाईला मी चोर ठरवलं हे सांगायला जीभ रेटली नाही. मी एवढंच म्हणाले, "राजव्वाची तयारी बरी दिसते. पुढच्या वर्षी बसवू या. मी शिकवते तिला." मोठ्या बाईंनी हे माझं औदार्य समजलं. मीही समजू दिलं.

वर्षभर रोज शाळा सुटल्यावर मी तिला वर्गात, फळ्यासमोर बसवून शिकवलं. तिला शिकवण्यासारखं फारसं नव्हतंच. उत्तर तिला माझ्याआधी यायचं. मी तिला ते उशिरा आणायला शिकवत होते. एकदा ती वैतागली. "उत्तर बरोबर हाय न्हवं? मग ते कसं आलं हे समद्यांना सांगत कशाला बसायचं? कोण इस्वास ठेवीत न्हाय म्हणून?" मी फळा पुसायला लागले. तीच म्हणाली, "व्हय, म्हणूनच." आणि मुकाट्याने ओळीखाली ओळ मांडू लागली. दिराच्या घरी तिला बोलणी खावी लागत होती, कांड्या कमी भरल्या जात होत्या. हे मला तिच्याकडून नाही, मुलींकडून कळलं.

ती फायनल पास झाली. गणितात तर फार वरचे गुण. बालवर्गाचं काम लांबल्यामुळे जागा अजून रिकामीच होती. मला वाटलं, सुटले मी. माझ्या हातून बिघडलेलं देवानेच सावरून घेतलं.

कमिटीपुढे तिला बोलावलं त्या दिवशी मोठ्या बाई आजारी होत्या, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. अध्यक्षांनी तिचा दाखला बघितला, मग रजिस्टर मागवलं. कारकुनाने ठोकून दिलेला तो आकडा त्यांनी बोटाने दाखवला. "पास झाल्या सालचं वय धरतात, ते अटीच्या पुढे गेलंय. थोडंसंच गेलंय, पण गेलंय." मग ते सरळ मनाने म्हणाले, "गेल्या वर्षी बसली असतीस तर प्रश्नच नव्हता. तेव्हा का बसली नाहीस? काही खास कारण असेल तर सांग. कारण पटण्यासारखं असेल तर सूट देता येते आम्हाला."

राजव्वाने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. फक्त वाट बघणं होतं. मी बोलले असते तर दोन वाक्यांचं काम होतं. टेबलावर एक दौत होती. मी त्या दौतीकडे बघत राहिले.

"गेल्या सालाला मला रीत लिवायला येत नव्हती, सायेब," राजव्वा म्हणाली.

अध्यक्षांनी हळहळून मान हलवली आणि रजिस्टर मिटलं. बालवर्गावर दुसऱ्या बाई आल्या. बाई चांगल्या होत्या, पण त्यांना तेलुगूचा गंध नव्हता. पहिल्याच आठवड्यात मुलींनी रडून गोंधळ घातला. तेव्हा कमिटीने तोड काढली, राजव्वाला त्या वर्गाची मुली बोलावणारी नेमलं. सकाळी ती मुली आणायची आणि मग दिवसभर वर्गात बसून, बाईंनी मराठीत सांगितलेलं मुलींना तेलुगूत समजावून द्यायची. थोडक्यात, वर्ग तीच शिकवायची. रजिस्टरात तिच्या नावापुढे 'मुली बोलावणारी' असंच राहिलं. वस्तीतले लोक मात्र तिला पंतुलम्मा म्हणायला लागले. पंतुलम्मा म्हणजे मास्तरीण.

तिचं शिकणं थांबलं नाही. मधूनच ती माझ्याकडे यायची, कधी नकाशा समजून घ्यायला, कधी इंग्रजी अक्षरं गिरवायला. हे आता कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "पोरी इचारत्यात की," ती म्हणाली. "मला येत न्हाय असं किती डाव सांगू?" माझी नोकरी एव्हाना कायम झाली होती. आता बोलायला मला कसलंच भय नव्हतं. तरी मी बोलले नाही. आधी भीती होती म्हणून बोलले नाही, नंतर फार उशीर झाला म्हणून बोलले नाही. माणसाला गप्प बसायला कारणं कमी पडत नाहीत, निदान मला तरी पडली नाहीत.

सात-आठ वर्षांनी मला पुण्यात जागा मिळाली. सोलापूर सोडायच्या दिवशी सकाळी मी विणकरांच्या वस्तीत गेले. राजव्वा मुली गोळा करत होती. केस पिकायला लागले होते, चाल तीच होती. मागे दहा-बारा मुली पाट्या घेऊन उभ्या होत्या. मी तिला बाजूला घेतलं. किती दिवस मनात घोळवलेलं सगळं भाषण ऐनवेळी कुठे गेलं कोण जाणे. मी एवढंच म्हणू शकले, "राजव्वा, त्या दिवशी कमिटीपुढे मी बोलायला हवं होतं. चूक माझी होती. तुम्हाला ती जागा मिळाली असती."

तिला मी 'तुम्ही' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. ती सावकाश म्हणाली, "व्हय बाई. बोलायला पायजे हुतं तुमी."

मी थांबले. आता ती "जाऊ द्या" म्हणेल, असं मला वाटलं. आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याचं ओझं उतरतं. ती म्हणाली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. झालेली गोष्ट झाली तशी तिने सांगितली आणि पदर खोचला.

"पोरी खोळंबल्यात," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली.

त्यानंतर ती मला कधी भेटली नाही. ती गेल्याचं पुढे कुणाच्या तरी पत्रातून ओझरतं कळलं, तेही बऱ्याच उशिरा. पुण्यात मी पुष्कळ वर्षं शिकवलं, मान मिळाला, मुली आजही रस्त्यात वाकून नमस्कार करतात. पण ती त्या सकाळी "जाऊ द्या" म्हणाली असती, तर मी तिला केव्हाच विसरून गेले असते.