दोरीवरचा पांढरा झगा

दातानं दोरा तोडायचा, सुई ब्लाउजच्या खांद्यात खोचायची आणि म्हणायचं, "माझं काय, मी तं इथंच आहो." शिवणवाल्या काकूंना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वाक्य काकूंच्या आवाजासकट आठवेल. ऑटोत जागा कमी पडली की काकू खाली उतरायच्या. चर्चच्या प्रीतिभोजनात भाजी संपत आली की काकू ताट घेऊन मागं सरकायच्या. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आपण त्यांचं तोंडभर कौतुक करतो आणि त्यांच्या वाट्याची भाजी खाऊन टाकतो. मीही खाल्ली आहे, वांग्याची होती.

चौबे कॉलोनीत आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. व्हरांड्यात मशीन, आत देवघर, अंगणात कपडे वाळत घालायची दोरी. दोघं नवराबायको मूळचे विदर्भातले, हिंदू. मूलबाळ नाही. काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीतून रिटायर झालेले आणि बोलायला भलतेच महाग. इकडच्या छत्तीसगढी बोलीत 'हो'ला 'हव' म्हणतात. त्या एका शब्दावर काकांनी अख्खी नोकरी काढली असावी. चहा घेता का काका? हव. ऊन फार आहे नाही? हव. काकू म्हणायच्या, "यायले काहीही विचारा, हव म्हणते. पण विचारल्याशिवाय तोंडातून शब्द काढन तं शपथ."

मी त्यांना आमच्या मंडळीत नेलं ते धर्माच्या कामासाठी नाही, शिवणाच्या कामासाठी. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान. हिंदी उपासना आटोपली की त्याच चर्चमध्ये आमची सुरू होते. म्हातारे मराठीत गातात आणि पोरं हिंदीत कुजबुजतात. व्यासपीठाच्या लाकडी फळ्यांखाली एक हौद आहे. ईस्टरला आणि नाताळाच्या आधी फळ्या उचलून तो भरतात. बाप्तिस्मा घेणारा माणूस पांढरा झगा घालून त्यात उतरतो, सगळ्यांसमोर आपला विश्वास सांगतो, आणि पास्टरसाहेब त्याला पाण्यात पुरता बुडवून वर काढतात. जुने झगे विरून गेले होते. पास्टरसाहेब म्हणाले, कुणी शिवणारी बघा. मी काकूंचं नाव सांगितलं.

कापड आणायला आम्ही दोघी पंडरीच्या कापडबाजारात गेलो. काकूंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि ठाणाचा एक कोपरा भिजवून उजेडात धरला. भिजल्यावर आरपार दिसतं का, हे त्यांना बघायचं होतं. दुकानदार ओरडला, "दीदी, कपड़ा पहनने का है कि नहाने का?"

"दोनों," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या ठाणाकडे वळल्या. त्या दुकानात मला पुढं वर्षभर तोंड दाखवायची लाज वाटली.

झगे कसे बसतात ते पाहायला काकू ईस्टरला स्वतः आल्या आणि शेवटच्या बाकावर टेकल्या. पहिलीच एक नर्सबाई हौदात उतरली, आणि तिचा झगा छत्रीसारखा फुगून पाण्यावर आला. बिचारी एका हातानं पुढून दाबते, दुसऱ्यानं मागून दाबते, विश्वासाची साक्ष राहिली बाजूला. आम्ही बायकांनी खाली माना घातल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हातचा कपडा, अन् बाईची अशी फजिती!"

दुसऱ्या दिवशी त्या तलावावर जाळी टाकणाऱ्यांकडे गेल्या आणि जाळ्याला बांधतात ते शिशाचे मणी घेऊन आल्या. प्रत्येक झग्याच्या खालच्या पट्टीत ते मणी ओवून त्यांनी पट्टी पक्की शिवून टाकली. तेव्हापासून आमच्याकडचा झगा पाण्यात कधी वर आला नाही. पास्टरसाहेबांना याचं फार अप्रूप. प्रभूचे शिष्यही जाळी टाकणारेच होते, वगैरे त्यांनी प्रवचनात सांगितलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "ते मले नाही समजत, साहेब. झगा वर नाही आला पाहिजे, बस."

पण त्या येत राहिल्या. बाप्तिस्म्याआधी जो शिकवणीचा वर्ग असतो त्यात मापं घ्यायच्या निमित्तानं बसायच्या, आणि मापं घेऊन झाली तरी उठायच्या नाहीत. एकदा टेप गळ्यात अडकवूनच त्यांनी विचारलं, "साहेब, या पाण्यानं पाप धुतलं जाते का?"

पास्टरसाहेब म्हणाले, "नाही काकू. पाणी बोअरचं आहे. पाप धुणारा ख्रिस्त. तारण त्याच्या कृपेनं मिळतं, आपण विश्वासानं ते घ्यायचं. पाण्यात जाणं म्हणजे त्याच्याबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे नव्या जीवनात उठणं. आत जे झालं, ते चारचौघांत कबूल करायचं. त्याची आज्ञा आहे म्हणून करायचं."

काकूंनी विचार केला. "म्हणजे लग्न मनात लागून गेलं, मांडव गावाले दाखवाले."

"तसंच म्हणा. पण ज्याचं लग्न लागलं तो मांडवाला वर्षानुवर्षं टाळत नाही."

हे बोलणं त्यांना लागलं असावं. काही दिवसांनी मी फॉल लावायला साडी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. "अवं, मी येशूवर विश्वास ठेवला आहे. लपवून काय करू? मले आता मराचं भेव नाही वाटत." हे त्यांनी फॉलचा रंग सांगावा इतक्या साधेपणानं सांगितलं. मी जन्माची ख्रिस्ती, मला असं सांगता आलं नसतं.

मग त्यांनी स्वतःचा झगा बेतला. काकू चांगल्या उंच, म्हणून झगाही लांब. घरच्या आरशासमोर घालून, पुढून मागून पाहून, पट्टी उसवून पुन्हा घातली. काका खुर्चीत पेपर वाचत बसले होते. ते काही बोलले नाहीत, त्याही काही बोलल्या नाहीत. "आधी यायले विचाराचं आहे," त्या मला म्हणाल्या. "यायनं हव म्हटलं का मी उतरीन."

नाताळाआधी हौद भरला. काकूंनी अजून विचारलं नव्हतं, पण झगा सोबत आणला होता. ऐन वेळी भनपुरीहून एक बाई आली. नवरा ट्रक चालवायचा, ती दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गाव सोडून जाणार होती, आणि उंचीला दाराच्या चौकटीएवढी. एकही झगा तिच्या पोटऱ्यांखाली येईना. काकूंनी पिशवीतून आपला काढला. "घाल वं. तुले उद्या जाचं आहे. माझं काय, मी तं इथंच आहो."

मंडळीचे बाकी झगे आम्ही चर्चच्या अंगणातच पिळून वाळत घालायचो. हा त्यांचा स्वतःचा, म्हणून काकू तो ओलाच घरी घेऊन गेल्या आणि अंगणातल्या दोरीवर टाकला.

त्या आठवड्यात काकांचं उरलंसुरलं बोलणंही बंद झालं. इतकी वर्षं देवघराची पूजा, नैवेद्य, दिवा सगळं काकू करायच्या. आता काका सकाळी आंघोळ करून स्वतःच फुलं वाहायला बसू लागले. संध्याकाळचा दिवाही तेच लावत. काकू घाबरल्या. "रागावले वाटते. मी चर्चमध्ये जातो ते यायले पटत नाही. माझ्या हातचं आता देवाले चालत नाही यायच्या."

"मी बोलू का काकांशी?" मी म्हटलं.

"खबरदार! माझ्या नवऱ्याले मीच विचारीन."

पास्टरसाहेबही कचरायचे. हल्लीचे दिवस असे की दुसऱ्याच्या घरात शिरून हा विषय काढायला कुणीही दहादा विचार करील. त्यांनी काकूंनाच पवित्र शास्त्रातल्या एका हबशी कामदाराची गोष्ट सांगितली. रथातून जाताना त्याला सुवार्ता पटली, वाटेत पाणी दिसलं, आणि आता काय अडचण आहे म्हणून तो तिथंच उतरला.

"त्याले घरी कोणाले विचाराचं नव्हतं न, साहेब," काकू म्हणाल्या. "बायको ना पोरं, एकटाच होता गाडीत."

पास्टरसाहेब हसले आणि त्यांचं शस्त्र तिथंच बोथट झालं. पुढच्या ईस्टरला झगा एका लांबलचक रिटायर मास्तरांना दिला गेला, त्यापुढच्या खेपेला आणखी कुणाला. दर वेळी काकूंकडे चांगलं कारण असायचं. दर वेळी तो ओला झगा त्यांच्या दोरीवर वाळायचा. काका रोज संध्याकाळी दिवा लावायचे. तरी घरात धुसफूस म्हणाल तर नव्हती. रविवारी काका त्यांची चप्पल दारात सरळ करून ठेवायचे, पाऊस असला तर छत्री काढून द्यायचे. काकूंना वाटायचं, राग थोडा निवळू द्यावा, मग विचारू.

या ईस्टरच्या आधी काकूंना कावीळ झाली आणि ती उतरेचना. शनिवारी मी दवाखान्यात गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. काका औषधं आणायला खाली गेले होते. मी म्हटलं, "काकू, आज विचारून टाका न. पास्टरसाहेब इथं येतीन."

त्यांनी मान हलवली. "दवाखान्यात माणूस कशालेही हव म्हणते. ते हव काय कामाचं? बरी होऊन घरी गेली का विचारीन." मग म्हणाल्या, "उद्या ती कॉलेजातली उंच पोट्टी उतरून राहिली न पाण्यात? तिले माझा झगा दे. मी तं इथंच आहो."

रविवारी बाप्तिस्मे झाले. दुपारी आम्ही झगे पिळून दोरीवर टाकत होतो तेव्हा फाटकातून काका आत आले. पायी आले होते. हा माणूस चर्चच्या आवारात मी पहिल्यांदा पाहिला. ते पास्टरसाहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गेली. सकाळीच गेली. आता तुमच्या रिवाजानं तिले माती द्या. ती तुमची आहे."

आम्ही बायका रडायला लागलो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक गृहस्थ तिथं होते. नियम पाठ असणारा माणूस प्रत्येक मंडळीत एक तरी असतो, तसे हे. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की दफनभूमीचं जरा पाहावं लागेल, कारण बाईंचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मला त्यांच्या तोंडावर ओला झगा फेकून मारावासा वाटला.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नव्हता? काहून नव्हता? झगा शिवला न तिनं. घालून पाहिला माझ्यासमोर. मग ओला होऊन आला, दोरीवर म्या पाहिला. दर वर्षी पाहिला."

 शेवटी मीच सांगितलं, की झगा त्यांचा होता पण पाण्यात उतरले ते दुसरे. त्या तुम्हाला विचारून मगच उतरायचं म्हणून थांबल्या होत्या.

काका चर्चच्या पायरीवर बसले. "मले वाटलं, मले न सांगता करून आली. वाईट वाटलं. मग म्हटलं, जाऊ दे, तिचं मन तिथं लागलं. तिले आता पूजेले बसाले बरं वाटत नसन, म्हणून मीच दिवा लावाले लागलो. आज सांगन, उद्या सांगन म्हणून वाट पाहून राहिलो."

नंतर त्यांनी पास्टरसाहेबांना विचारलं, आणि हा प्रश्न आमच्या वर्गात इतक्या कळकळीनं कुणी विचारलेला मला आठवत नाही. "मग तिचं आता कसं होईन, साहेब? तुमचा देव तिले घेईन का नाही?"

पास्टरसाहेब त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. "काका, येशूच्या बाजूला वधस्तंभावर एक चोर होता. त्याला ना पाणी मिळालं, ना वेळ. माझी आठवण ठेव, एवढंच त्यानं मागितलं. प्रभूनं त्याला त्याच दिवशी स्वर्गात आपल्याबरोबर नेलं. काकूंचा विश्वास मी पाहिला आहे. त्यांना माती इथंच मिळेल, आणि ती मी देईन." शेवटचं वाक्य त्यांनी पंचांकडे बघून म्हटलं.

काकांनी विचारलं, "मागतलं होतं न त्या चोरानं?"

"हो, मागितलं होतं."

"हिनंही मागतलं असन. देवाले मागतलं असन. मलेच नाही मागतलं. विचारलं असतं तं म्या हव म्हटलं असतं."

पास्टरसाहेब उठून गाडीची व्यवस्था बघायला गेले. काकूंना तोच झगा घालायचं ठरलं, पण तो अजून टिपकत होता. म्हणून आम्ही सगळे अंगणात तो वाळायची वाट बघत उभे राहिलो. एप्रिलचं ऊन होतं, गरम वारा सुटला होता, शेजारच्या दोरीवरचे टॉवेल फडफडत होते. काका झग्याजवळ गेले. त्यांनी खालची पट्टी चाचपली, आतले मणी बोटांना लागले तसे थांबले.

"हे काय टाकलं हिनं आत?"

"झगा पाण्यात वर येऊ नये म्हणून," मी म्हटलं.

"हव," काका म्हणाले.

वाऱ्यानं तो झगा उडणार नव्हता. तरी काका तो वाळेपर्यंत त्याची पट्टी दोन्ही हातांनी धरून उन्हात उभे राहिले.