टॉवेलात गुंडाळलेलं चिलखत

माझी धाकटी जाऊ कमल डायनासोरच्या हाडाशेजारी उभी राहून फोटो काढून आली आणि अख्ख्या रिठद गावाले दाखवत फिरली, तवाच ठरवलं, आपणही नागपूर गाठायचं. तिची पोरगी पल्लवी तिथं कॉलेजात जुन्या हाडांचा अभ्यास करते. माझी दोन्ही पोरं मोबाइलचा अभ्यास करतात.

फोटोतलं हाड म्हणजे जनावराच्या चिलखताचा तुकडा. तळहाताएवढा, आतून खोलगट. तसाच, पण त्याहून मोठा तुकडा माझ्या फळीवर दोन वर्षांपासून पडून होता. काळा, गाठीगाठींचा, वावराच्या बांधावर सापडलेला. तो खरा निघाला तर कॉलेजातल्या काचेच्या कपाटात माझ्या नावाची चिठ्ठी लागणार होती, मग कमलनं आपला फोटो घेऊन बसावं. एवढ्यासाठीच गेली मी, खोटं कायले लिहू.

कॉलेज एकटीले सापडणार नव्हतं म्हणून कमलले सोबत घ्यावं लागलं. तुकडा टॉवेलात गुंडाळून घेतला, पण आत काय आहे ते तिले सांगितलं नाही.

सकाळच्या गाडीनं वाशीम, तिथून कारंजावरून नागपूर. एसटीत बायांले अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीच्या नादी लागू नका. आधार कार्ड ठेवा, पाणी घरून घ्या, रस्ता मधातमधात कंबर मोडतो. खिडकी कमलनं धरली. कारंजाच्या स्टँडवर आलूबोंडा गरम मिळाला, पण कमल कंडक्टरलेही पोरगी काय शिकते ते सांगून राह्यली होती, त्यानं बोंड्याची सगळी चव गेली.

पोचायले दुपार झाली. पल्लवीनं खोली उघडून सगळं समजावलं. मी सातवी शिकलेली, तरी समजलं, म्हणजे पोरगी हुशार आहे. हे चिलखतवाले पालाखाऊ. पहिलेवाले लहानखुरे, काही तर दोन पायांवर पळणारे, पाठीच्या कातडीत हाडाच्या बारक्या टिकल्या ओळीनं. पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या वाढल्या, अंग जड झालं, चार पायांवर आले. मग एका घराच्या दोन वाटण्या झाल्या, आमच्यासारख्या. एकाच्या पाठीवर उभ्या फळ्या, दुसरा सगळाच मढलेला, त्यातल्या काहींच्या शेपटीले गदा. कपाटातला तुकडा सिरोंच्याकडच्या खडकातला. तो नक्की कोणाचा, यावर शिकलेल्यांचंही एकमत नाही. मले बरं वाटलं.

मग मी टॉवेल सोडला.

पल्लवीनं तुकडा हातात तोलला. "मोठी आई, आपल्या गावाखाली सगळा लाव्ह्याचा काळा दगड. तो लाव्हा थिजला तवा हे पहिले चिलखतवाले कवाचेच गेलते." तिनं कडेले सुरी घासली. आतून लाल निघालं. त्याखाली आणखी लाल, थरावर थर.

शेंदूर. म्हसोबाच्या दगडावर वर्षानुवर्षं तेलशेंदूर चढत जातो, जाड झाला की त्याची खोळ गळून पडते आणि उन्हापावसात वरून काळी होते. ती खोळ मी हाड म्हणून नागपूरपर्यंत नेली.

कमल आता हसंल म्हणून मी वाट पाहिली. ती हसली नाही. तुकड्यावरून बोट फिरवून म्हणाली, "बाई, हा तर सासूबाईच्या हातचा शेंदूर. पण म्हसोबा माह्या वाटणीच्या वावरात आहे. तुमाले कुठं सापडलं?"

"बांधावर." ती पाहतच राह्यली, तवा म्हटलं, "बांधाच्या पलीकडं दोन पावलं."

पल्लवी भिंगातून थर मोजून राह्यली होती. हाडाकडं पाहते तशीच पाहत होती.

"ठेवा तुमच्याकडंच," कमल म्हणाली. "माह्याजवळ म्हसोबा आहे, तुमच्याजवळ काय आहे?"

परतीले खिडकी तिनं मले दिली. टॉवेल मी मांडीवर धरून बसली.

आता खोळ परत फळीवर आहे. कमलनं भांडून मागितली असती तर दिली नसती, आणि मीच जिंकली असती. तिनं देऊन टाकली, म्हणून दिसली की जीव जळते. पल्लवी हुशार निघाली, ते पण कमलच्याच घरी.

परवा शनिवारी तिच्या वावरात जाऊन म्हसोबाले शेंदूर लावून आली. कमलनं लावला होताच. मी त्याच्यावर लावला, तिच्याहून जाड.