हाजरीतून गाळलेलं नाव

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आमच्या पलटणीच्या एका मृत शिपायाचं नाव मी यादीत घेतलं नाही. तसा हुकूम कुणाचाच नव्हता.

तेव्हा मी हवालदार क्लार्क होतो. पाचला पीटी, सहाला मगभर चहा, आठला ऑफिस. "बाबूची रायफल फक्त टकटक करते," असं आमचे सुभेदार साहेब टाइपरायटरकडे बघून म्हणायचे. ते दिवस अजून हवेसे वाटतात. रेझिंग डेला, म्हणजे पलटणीच्या स्थापना दिवशी, सकाळी नऊला मोहिमांत मेलेल्या प्रत्येकाचं नाव पुकारलं जाई आणि उभी पलटण त्याच्या वतीने ‘हाजिर’ म्हणे. यादी मी टाइप करायचो.

एका वर्षी रेकॉर्ड रूममध्ये चीनच्या १९०० सालच्या बॉक्सर बंडातली पलटणीची डायरी हाती लागली. बादशाही खिळखिळी झालेली, परक्यांना हाकलायला शेतकरी उठलेले. आठ देशांच्या फौजा उतरल्या, त्यांत इंग्रजांनी नेलेली आमची पलटण. एका पानावर शिपाई धोंडू गावडे. विहिरीमागे लपलेल्या गावकऱ्यांवर गोळी झाडायला नकार दिला. त्यांच्या पुढ्यात उभा राहिला. आपल्याच पलटणीच्या गोळीबारात मेला. शेरा: हुकूमभंग, नाव पटावरून कमी.

पंधरा दिवसांनी त्याचा नातू गेटवर आला. सत्तरीचा असेल.

"आजोबा चीनला गेले ते आलेच नाहीत, साहेब. हाजरीत एकदा त्यांचं नाव पुकारा. मी गेटबाहेरून ऐकेन."

माझं नायब सुभेदारीचं प्रमोशन तोंडावर होतं. कटकट नको होती.

"रेकॉर्डला असं कुणी नाही, काका."

त्यांनी मला नमस्कार केला आणि गेले. डायरी मी परत फायलींखाली दाबली.

२०२०. मेलबर्नचं डँडेनॉन्ग उपनगर; निवृत्तीनंतर आम्ही इथेच आलो. लॉकडाऊन, घरापासून पाच किलोमीटरची हद्द. माझी गोदामातली शिफ्ट बंद. त्या वर्षी आम्ही निवृत्त लोकांनी रेझिंग डे व्हिडिओवर केला. भारतात सकाळचे नऊ, इकडे दुपारचा दीड. मुलगी म्हणाली, "डॅड, यू आर ऑन म्यूट," आणि आवाज सुरू करून देऊन गेली.

सुभेदार साहेब म्हणाले, "बाबू, यादी तुझी. वाच."

वाचली. यादी संपली. मग म्हणालो, "शिपाई धोंडू गावडे. चीन."

एकवीस चौकटींतून पुढेमागे आवाज आले. "हाजिर."

"हा गावडे कोण रे?" साहेबांनी विचारलं.

"नंतर सांगतो, साहेब."

त्याच महिन्यात ते कोविडने गेले. त्यांना सांगायचं राहिलं.

शिपाई धोंडू गावडे माणसं वाचवताना मेला. मी त्याच्या नातवाशी खोटं बोललो. नातू आता असतील-नसतील. त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन ही दोन्ही वाक्यं बोलणं माझ्याकडून बाकी आहे.