जॉगिंग ट्रॅकवरचा पाडवा

दिवाळी पाडव्याच्या सकाळी मी पार्कच्या गेटवर पोचले, तर माझ्या नव्या कोऱ्या जॉगिंग ट्रॅकवरून एक मोटरसायकल चालली होती. सायलेन्सर काढलेली. तिच्यामागे एक म्हैस सुसाट पळत होती. रंगवलेली शिंगं, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. बाकीच्या म्हशी नटूनथटून पाळीची वाट बघत होत्या.

"अहो थांबा! ट्रॅक ओला आहे!" मी ओरडले. ऐकतंय कोण?

जॉगिंग ट्रॅक म्हणजे नुसती पायवाट नव्हे. खाली खडी, वर बारीक लाल मुरूम. पाणी मारून त्यावर रोलर फिरवायचा आणि मुरूम घट्ट बसेपर्यंत कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. उद्घाटन आठवडाभर पुढे ढकला, असं मी पार्कची डिझायनर म्हणून आमच्या नगरसेवकांना, आबांना, परोपरीनं सांगितलं होतं. "साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त सोडायचा? काय बोलताय मॅडम!" म्हणून त्यांनी मला उडवून लावलं.

तशी घाई मलाही होती, पण ती सुमनकाकूंसाठी. त्या आमच्या शेजारच्या. हार्टचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. उपनगरात चालायला जागा एकच, मोठ्या रस्त्याची कड. तिथं गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं त्यांना गटारात पाडलं होतं. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू व्हायच्या आत ट्रॅक देते, असा शब्द मी त्यांना दिला होता.

मोटरसायकलवर होते बाळूअण्णा, जुने गवळी. मी त्यांना आडवी गेले.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"म्हस पळवतोय की. पाडवा न्हाय का आज?"

"माझ्या ट्रॅकवर?"

"ट्रॅक तुमी आता केलासा. म्हशी आज्ज्यापासनं हितंच पळत्यात."

प्लॅन करताना मी मीटिंग घेतली होती. लोकांनी कारंजं मागितलं, झोपाळे मागितले, तालमीच्या पोरांनी डबलबार मागितला. अण्णा पहिल्या रांगेत बसून चहा प्यायले होते. म्हशीतला 'म' कुणी काढला नाही.

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"त्यात सांगायचं काय? समद्यास्नी ठावं हाय की!"

समद्यांना म्हणजे माझ्या नवऱ्यालासुद्धा. मी लग्न होऊन नाशिकहून आलेली.

तेवढ्यात फेटा बांधून आबा आले. वाटलं, आता हे तरी थांबवतील. त्यांनी म्हशीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, वर्षाचा सण हाय. न्हाय कसं म्हणायचं? अण्णा, हून जाऊ दे आणि एक राउंड!"

तो राउंड पुढच्या मोठ्या गेटमधून बाहेर गेला. तिथं संध्याकाळच्या उद्घाटनाची फीत बांधून ठेवली होती. अण्णा हँडलवर वाकून खालून गेले. म्हैस वाकली नाही.

"झालं की उद्घाटन!" म्हणत आबांनी टाळ्या वाजवल्या. मी मटकन बाकावर बसले. बाकाचा रंगही ओला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रोलरवाल्याला घेऊन गेले. सुमनकाकू आधीच आत. पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, खुरांचे खड्डे चुकवत चालत होत्या.

"काकू, पाय मुरगळेल. पुन्हा रोलिंग करून देते, तोवर थांबा."

"थांबू कशाला? ट्रॉल्या हंगामभर रोज येत्यात. म्हशी वर्षातनं एकदाच."

माझा राग तिथंच निम्मा उतरला. उरलेला अजून आहे.

ट्रॅक पुन्हा केला. कंपाउंडच्या कडेनं मातीचा एक पट्टा मोकळा सोडला आणि त्याला प्लॅनमध्ये 'सर्व्हिस रोड' असं नाव दिलं. पाडव्याला त्यावरून कोण पळतं, ते समद्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून क्लायंट कुठलाही असो, माप घेण्याआधी मी एकच विचारते, "इथं पाडव्याला काय असतं?"