साडेचार तासांचं लंडन

आमच्या आईची एक जुनी खोड होती. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत ती पाण्याला शिवत नसे. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्याचं ठीक, जीप भरायला लागेल तेवढाच उशीर. पण दोन हजारनंतरच्या एका जानेवारीत माझी थोरली बहीण नर्सच्या नोकरीसाठी लंडनला निघाली, तेव्हा आईनं मला विचारलं, किती वेळ लागतो?

घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच. तिकिटावर होतं, मुंबई सकाळी सात, लंडन साडेअकरा. मी ऐटीत सांगितलं, साडेचार तास. बाबा म्हणाले, इथून मुंबईलाच अख्खी रात्र जाते, लंडन एवढ्यात कसं येईल? मला त्यांची कीव आली. शाळेच्या नकाशावर दोरा लावून मी अंतर मोजलं, सात हजार दोनशे किलोमीटर भरलं. भागाकार केला तर ताशी सोळाशे. विमानच ते, त्यात काय नवल, म्हणून मी वही मिटली.

बाबा ताईला सोडायला मुंबईला गेले. सकाळी त्यांचा फोन आला, विमान गेलं, मी गाडीला बसतो. आई चहासुद्धा न घेता फोनशेजारी बसली. साडेचार तास ती हसत काढणार होती.

बारा वाजले. एक वाजला. सामान मिळायला वेळ लागत असेल, असं मी म्हणत राहिले. तीन वाजता आई भिंतीला टेकली, तिचे ओठ सुकले होते. मी पाणी पुढं केलं तर तिनं तांब्या बाजूला सारला आणि हळूच विचारलं, "तू हिशोब बराबर केला व्हता ना?"

मी पुन्हा भागाकार केला. उत्तर तेच आलं. हिशोब बरोबर, म्हणजे विमानाचंच काहीतरी झालं, असं मनात आलं. मोरीत जाऊन मी रडून घेतलं.

दिवेलागणीला फोन वाजला. ताई सुखरूप होती. एवढा उशीर का केलास, म्हणून मी खेकसले.

"उशीर कुठं? आत्ता तर साडेबारा वाजलेत."

खिडकीबाहेर अंधारून येत होतं. पूर्वेला आधी उजाडतं, हे मी शाळेत घडाघडा म्हणून दाखवलं होतं. पण तिकिटावरची दोन शहरं दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात, हे डोक्यात शिरलंच नव्हतं. एसटीच्या वेळापत्रकात सगळ्या गावांना एकच घड्याळ असतं. मी आईला समजावू लागले, पण मलाच धड उमजेना, तिला काय सांगणार?

तिनं फोन घेतला. तिथं किती वाजले, एवढंच विचारलं.

"मंग दुपारच्या जेवायची येळ झाली," ती ताईला म्हणाली. "तू जेव पोटभर. मी बी आत्ताच बसते जेवायला."

तिनं दिव्याच्या उजेडात सकाळची भाकरी वाढून घेतली. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.