चंद्रपूरचं ऊन

माझा नवरा मूळचा चंद्रपूरचा. पुण्याच्या उन्हाला ऊन म्हणणं हा त्याला चंद्रपूरचा अपमान वाटायचा. एप्रिलात आम्ही हुश्श हुश्श करायला लागलो की तो म्हणायचा, "तुम्हा पुणेकरांना सावलीतसुद्धा चटके बसतात."

त्या वर्षी खराडीतल्या त्याच्या कंपनीने त्याला हिवाळाभर ऑनसाइट पाठवलं, बर्फाच्या देशात. तो लांब पल्ल्याचा धावपटू; तिथे जिममध्ये ट्रेडमिलवर धावत राहिला. एप्रिलअखेर राज्य संघाची दहा किलोमीटरची निवड चाचणी होती, तीही दुपारी, आणि वय पाहता ही त्याची शेवटची संधी होती. प्रोजेक्ट लांबलं. तो परतला तेव्हा चाचणीला जेमतेम आठवडा उरला होता.

त्याचे प्रशिक्षक नारायण पेठेतले. त्यांनी त्याला एकदाच न्याहाळलं.

"विमान उतरलंय, तुम्ही अजून उतरलेले नाहीत. ऊन पुन्हा अंगवळणी पडायला दोन आठवडे तरी लागतात. थोडं थोडं धावा, आणि यंदाची चाचणी सोडा."

"सर, मी चंद्रपूरचा आहे."

"असाल. पण उन्हाला जन्मदाखला दाखवून चालत नाही."

दुसऱ्याच दिवशी हा पठ्ठ्या भर दुपारी खराडीच्या मोकळ्या रस्त्यावर धावायला निघाला. पाण्याची बाटली आणि ओला पंचा घेऊन मी स्कूटरवरून मागे. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. थोड्या वेळाने त्याच्या दंडावर काटा आलेला दिसला. एवढ्या उन्हात काटा! पाय वेडेवाकडे पडायला लागले. मी स्कूटर त्याच्यापुढे आडवी घातली. तो काहीतरी बोलला, पण जीभ जड झाली होती. सगळी बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली, त्याला झाडाखाली बसवलं आणि तोंडाला येईल ते बोलले.

संध्याकाळी त्याने आईला फोन लावला. स्पीकरवर मला सगळं ऐकू येत होतं.

"भर दुपारी कायले धावत होता रे?" सासूबाई म्हणाल्या.

"आपल्याकडे याहून जास्त ऊन असतं ना, आई?"

"असते ना! म्हणून तर आपन दारं लावून कूलरसमोर झोपतो, बाप्पा. तू कधी दुपारी बाहेर निघाला होता?"

मला हसू आवरेना. तरी चाचणी काही त्याने सोडली नाही.

चाचणीच्या दिवशी मी मैदानाच्या कठड्याला धरून उभी होते. निम्मं अंतर होईपर्यंत तो पहिल्या तिघांत होता, आणि मी मूर्खासारखी मनातल्या मनात नवस बोलत होते. मग तो माझ्यासमोरून गेला आणि पुन्हा तोच काटा दिसला. मी ओरडले, "बास! थांब!" त्याने वळूनही पाहिलं नाही. ती पुढची फेरी माझ्याने बघवेना. पडला तर उठेल का, एवढंच डोक्यात.

समोरच्या वळणावर त्याचा वेग कमी झाला. बाकीचे पुढे निघून गेले. तो चालत ट्रॅकच्या बाहेर आला, माझ्या बाजूच्या सावलीत बसला आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

मी पंचा भिजवून त्याच्या मानेवर ठेवला. मला रडू फुटलं होतं. तो ट्रॅककडे बघत होता. पाणी पिऊन म्हणाला, "आई आत्ता कूलरसमोर झोपली असेल."