नाकतोड्याची पेशी आणि राजाजीनगरचं स्थळ

बंगलोरला जायला आप्पांनी होकार दिला, पण एका अटीवर. ते स्वतः बरोबर येणार, आणि सभा संपायच्या आत राजाजीनगरचं एक स्थळ बघून घ्यायचं. "एका तिकिटात दोन कामं," ते म्हणाले. खरं तर तिकिटं दोन होती आणि त्यांचं तिकीट माझ्यामुळेच काढावं लागत होतं, पण निवृत्त हेडमास्तरांचं गणित तपासायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

साठीचं दशक तेव्हा मध्यावर आलं होतं. मी बेळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. उसाच्या शेतातले नाकतोडे पकडायचे, त्यांच्या पेशींतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, मोजायची, त्यांचे फोटो काढायचे हा माझा उद्योग. आई पाहुण्यांना "ती सायन्समध्ये असते" एवढंच सांगे. नाकतोड्यांपर्यंत विषय जाऊ देत नसे.

बंगलोरच्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेत सभा भरणार होती. विषय असा, की सूक्ष्मदर्शकातली चित्रं गणकयंत्राला वाचायला शिकवता येतील का? आज माझी नात याला एआय म्हणते आणि बंगलोरच्याच बेळ्ळंदूर भागातल्या ऑफिसात बसून त्यावरच पोट भरते. तेव्हा आम्ही नुसतं "यंत्राला बघायला शिकवणं" म्हणत होतो आणि म्हणताना थोडे हसत होतो. मला तिथे माझे फोटो दाखवायचे होते. आप्पांना यंत्र बघायचं होतं. ते खरंच विचार करतं का, हे ते त्याला तोंडावर विचारणार होते.

तेव्हाची गाडी मीटरगेजची, कोळशाची. लोंढ्याला थांबली की चहा, धारवाडला पेढे. आप्पांनी पेढे घेतले आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसले. "स्थळाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही." आईनं दिलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी हुबळीपर्यंत संपली. सकाळी तुमकूरच्या फलाटावर पानात गरम इडली मिळाली. तुम्ही आज या मार्गानं जाणार असाल तर एक सांगते, रात्री खिडकी लावून घ्या. आमच्या वेळी लावली नाही, म्हणून यशवंतपूरला उतरलो तेव्हा आप्पांच्या पांढऱ्या धोतराचा रंग सांगणं अवघड होतं. संस्थेला जायचं असेल तर यशवंतपूरच सोयीचं. तेव्हाही होतं, आताही आहे. फक्त तेव्हा बाहेर जटके उभे असत, त्यातलं घोडं वाटेत झाड दिसलं की थांबे आणि गाडीवान त्याला समजुतीनं घेई.

मल्लेश्वरममध्ये एका लॉजात उतरलो. खोली स्वच्छ, कॉफी अप्रतिम, आंघोळीचं पाणी कढत. एवढ्या तीन गोष्टी मिळाल्यावर आप्पांनी शहर पास करून टाकलं.

पहिल्याच सत्रात त्यांची निराशा झाली. यंत्र बंगलोरात नव्हतंच! ते दुसऱ्या शहरात होतं आणि एक खोली भरेल एवढं होतं. आलं होतं ते त्याचं कागदी भेंडोळं, त्यावर नुसते आकडे. ते घेऊन आले होते डॉक्टर चक्रपाणि. पन्नाशीचे, किडकिडीत, बोलताना खडू चुकून खिशात टाकणारे. त्यांनी भेंडोळं टेबलावरून उलगडत नेलं आणि आम्हाला लांब जाऊन डोळे बारीक करून बघायला सांगितलं. आकड्यांतून अंधुकशी एक पेशी दिसायला लागली. मी श्वास रोखला. आप्पा शेजारी पुटपुटले, "रांगोळीच की ही."

जेवणाच्या सुट्टीत चक्रपाणि माझ्या फोटोंपाशी थांबले. इतकी स्पष्ट चित्रं कशी काढलीत, रंग कुठला वापरलात, एकामागून एक विचारत राहिले. मी उत्तरं देत होते आणि भात गार होत होता. शेवटी ते म्हणाले, "शनिवारी दुपारी मी एक प्रयोग दाखवणार आहे. तुमचं चित्र वापरू? तुम्हीच ते समजावून सांगा."

मी हो म्हटलं आणि मग आठवलं. शनिवारी दुपारी राजाजीनगर.

संध्याकाळी फिरताना आप्पांना सांगितलं.

"कार्यक्रम पुढं ढकलता येत नाही?"

"कुठला?"

"तुझा."

"त्याला सगळ्या देशातून माणसं आलीत, आप्पा."

"आणि स्थळ काय रोज येतं?"

रडू येईल असं वाटलं, म्हणून एका दुकानाच्या पाटीवरची कानडी अक्षरं वाचत राहिले. बेळगावात वाढल्यामुळे वाचता येत होती. पाटी अंडी विकणाऱ्याची होती.

शनिवारी सकाळी आप्पा सभेला आलेच नाहीत. रुसले असं मी धरून चालले. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला सभागृहाचं दार उघडलं आणि आप्पा आत आले, हातात पेढ्यांचा डबा. मागे जरीकाठी इरकलीतल्या एक ठसठशीत बाई, आणि त्यांच्यामागे, पाय वाजणार नाहीत अशा बेतानं चालणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण.

आप्पा माझ्याजवळ वाकले. "मुलगी येऊ शकत नाही म्हटल्यावर अक्का म्हणाल्या, मग आपणच जाऊ. त्यांना काम बघायचंय तुझं." मग जरा थांबून म्हणाले, "मलाही बघायचं होतं."

या अक्का म्हणजे मुलाची आई. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, मराठी घरात टिकवलेलं, पण त्यात कानडी पार मुरलेलं. मुलगा मल्हार, एका कारखान्यात इंजिनीअर. चहा-पोह्यांऐवजी आपल्याला गुणसूत्रं मिळणार याचा त्याला मनापासून आनंद झालेला दिसत होता. किंवा घाम आला होता. लांबून कळत नव्हतं.

चक्रपाणींचा प्रयोग साधा होता. यंत्र नाही ना, मग आपणच यंत्र होऊ. त्यांनी फळ्याभर चौकटी आखलेला पांढरा कागद लावला आणि प्रोजेक्टरनं त्यावर माझ्या नाकतोड्याची पेशी पाडली. प्रत्येक माणसाला काही चौकटी वाटून दिल्या. आपली चौकट किती काळी ते आकड्यात सांगायचं, पांढरीफटक असेल तर शून्य, काळीकुट्ट असेल तर नऊ. पाचाच्या वरची चौकट ते पेन्सिलीनं रंगवणार. शेवटी काळे ठिपके मोजायचे, तेवढी गुणसूत्रं. "यंत्र एवढंच करतं," ते म्हणाले. "फक्त कंटाळत नाही."

माणसं कमी पडली म्हणून पाहुण्यांनाही चौकटी मिळाल्या. देशातले नामांकित प्राध्यापक शाळेतल्यासारखे ओरडायला लागले. सात! दोन! शून्य! आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "तीन आणि चारच्या मध्ये." चक्रपाणींनी नम्रपणे सांगितलं, यंत्राला मध्ये काही नसतं. "मग ते माझ्या शाळेत नापास झालं असतं," आप्पा म्हणाले आणि खाली बसले. अक्कांची पाळी आली.

"स्वल्प काळं," त्या म्हणाल्या.

"आकडा, अम्मा."

"सांगितलं की. स्वल्प."

"दोन म्हणू?"

"दोन नको. मळकट हाय ते, काळं नाही." मल्हारनं कपाळावर हात मारून घेतला. अक्का त्याच्याकडे वळल्या. "तू सांग बघू, कसं असतंय ते!" त्यानं आईच्या चौकटीला चार दिले आणि अक्का म्हणाल्या, "सरी, सरी, बरोबर. शिकलेला हाय तो."

ठिपके मोजले. माझ्या मोजणीपेक्षा एक कमी आला.

मद्रासचे एक ज्येष्ठ प्राध्यापक पहिल्या रांगेत बसले होते. ते मागे वळून हसले. "बाईंना एक जास्त दिसलं. यंत्राचा निकाल मान्य करा." हशा पिकला. हशात वाईट हेतू नव्हता, पण माझे कान तापले. मल्हारकडे बघायचं धाडस झालं नाही. आप्पांकडे बघितलं. ते हसत नव्हते. हेडमास्तर फळ्याजवळच्या मुलीकडे बघतात तसे ते बघत होते, उत्तर येतंय तुला, सांग.

"यंत्राला खोली दिसत नाही," मी म्हटलं. आवाज चिरकला, पण थांबले नाही. "फोटो सपाट असतो. या ठिपक्यात दोन गुणसूत्रं आहेत, एक वर, एक खाली. मी सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवून बघितलंय. वरचं पुसट होतं तेव्हा खालचं ठळक होतं. स्लाईड माझ्याजवळ आहे. आपणही बघा."

चक्रपाणींनी लगेच सूक्ष्मदर्शक मागवला. मी ती पेशी शोधून दिली. प्राध्यापकांनी चष्मा काढला, वाकले, स्क्रू पुढे फिरवला, मागे फिरवला. बराच वेळ उठले नाहीत.

"दोन आहेत," ते शेवटी म्हणाले. चष्मा घातला आणि माझ्याकडे वळून, जरा मोठ्यानं, "आणि स्लाईड फार सुरेख केली आहे." हे त्यांना म्हणायची गरज नव्हती. म्हणाले, म्हणून मला ते आजही आवडतात.

सगळ्यात खूश झाले चक्रपाणि. हरल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. "म्हणजे एक चित्र पुरणार नाही! थरावर थर द्यायला लागतील!" असं म्हणत त्यांनी अख्खा खडू खिशात टाकला. निघताना मला म्हणाले, "हे काम माझ्याकडे येऊन करा. पीएच.डी.ला नाव घाला."

बाहेर झाडाखाली पेढे वाटले गेले. मल्हार पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली."

"दिसली नाही." तो हसला. चांगला हसायचा. अक्का म्हणाल्या, पोरगी पसंत हाय, पण लग्न उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत व्हायला पाहिजे आणि सुनेनं घर सांभाळावं. नाकतोडे घरात चालणार नाहीत. हे सगळं त्यांनी माझी हनुवटी धरून, इतक्या मायेनं सांगितलं की मी मान डोलावून बसले. होकार म्हणून नव्हे, नुसतीच.

परतीच्या गाडीत आप्पांनी विषय काढला नाही. मी खिडकी लावून घेतली.

बेळगावला घराच्या पायरीवरच आईनं विचारलं, "काय ठरलं?"

"मला काय विचारतेस?" आप्पा चपला काढत म्हणाले. "हिला विचार."

आई इतकी गोंधळली की तिनं खरंच मला विचारलं. मी म्हटलं, मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, पण मला आधी पीएच.डी. करायची आहे. आई पायरीवर बसली. "किती वर्षं लागतील?"

"नाकतोडे सापडतील तशी," आप्पा म्हणाले आणि आत गेले.

आईनं आठवडाभर माझ्याशी जेमतेम बोलणं ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात तिनंच माझी ट्रंक भरली. चक्रपाणींच्या हाताखाली मी बंगलोरात काही वर्षं काढली. खोली दिसणारं यंत्र आम्हाला जमलं नाही. ते इतरांना जमलं, फार नंतर. पण ते काय काय चुकू शकतं याची आम्हाला बरीच माहिती झाली आणि माझा प्रबंध त्यावरच उभा राहिला.

मल्हार थांबला नाही, आणि थांबावं असं मी म्हटलंही नव्हतं. त्याचं लग्न ठरल्या वेळेच्या आत झालं, त्या मुलीशी पुढे माझी ओळखही झाली, गोड होती. मी मात्र बंगलोरला आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात बाजारात अक्कांना सापडले. हॉस्टेलच्या जेवणाबद्दल ऐकून त्या तिथेच मला रागावल्या, आणि त्या रविवारी त्यांनी मला राजाजीनगरला बोलावलं.

मी दारात उभी. आतून नवी सून आली, ही कोण म्हणून बघायला लागली. अक्कांनी माझा हात धरून मला पुढे ओढलं आणि मिरवल्यासारखं तिला म्हणाल्या, "आमच्या मल्हाराला नको म्हणालेली पोरगी ती हीच. ताट वाढ."